अकाली बहर आणि तारखेची नोंद

संक्रांतीच्या सुमारास पुण्याच्या बागांतून फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस ही थंडीची फुले ऐन भरात असावीत, गुलाबाचे फूल टपोरे व देठ लांब असावा, आणि मोगऱ्याचे झुडूप वाढ थांबवून स्वस्थ बसलेले असावे, ही या शहरातील हिवाळ्याची परिचित रीत होय. परंतु ज्या वर्षी थंडी जेमतेम आठ-दहा दिवस डोकावते आणि निघून जाते, त्या वर्षी ही सारी घडी विसकटते. मोगऱ्यावर पौषातच कळी दिसू लागते. रस्त्याकडेच्या एखाद्या बहाव्यावर चैत्राची वाट न पाहता पिवळे घोस लोंबू लागतात. गुलाबाची फुले लवकर उमलतात, पण आकाराने लहान राहतात. थंडीची हंगामी फुले लवकर येतात आणि लवकरच संपतात.

असे दृश्य दिसले म्हणजे कोणी त्याचे कौतुक करतो, तर कोणी सृष्टीचे चक्रच फिरले म्हणून हळहळतो. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. मात्र शेतीच्या दृष्टीने पाहता दोहोंत एकच उणीव राहते. कोणते झाड, कोणत्या जागी, कोणत्या तारखेला फुलले, हे कोणीही लिहून ठेवलेले नसते. पुढील वर्षी तेच झाड पुन्हा लवकर फुलले, की उशिरा, की नेहमीच्या वेळी, हे सांगण्यास मग काहीच आधार उरत नाही. तारखेवाचून सांगितलेला अकाली बहर ही केवळ गप्प होय. तारखेसह लिहिलेला अकाली बहर ही शेतकऱ्याच्या उपयोगाची माहिती होय. अशी नोंद ठेवणे हा गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या नित्य कामाचा भाग झाला पाहिजे, आणि त्यास प्रारंभ करण्यास पुणे शहराइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

हिवाळा खरोखर बदलला आहे काय?

प्रथम थंडीचाच विचार करू. शिवाजीनगर येथील वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीचे किमान तपमान सरासरीने ११ ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. याच वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश इतके नीचांकी तपमान नोंदले गेले होते. म्हणजे पुण्याचा हिवाळा सदैव सौम्यच होता असे मुळीच नाही. दुसऱ्या बाजूस, भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींप्रमाणे २०२३ सालच्या फेब्रुवारीतील देशाचे सरासरी कमाल तपमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारी महिन्यांत अधिक ठरले. २०२४ हे संपूर्ण वर्ष १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि २०२५ सालच्या फेब्रुवारीने सरासरी तपमानाचा नवा उच्चांक गाठला.

हे आकडे देशाचे आहेत, एखाद्या गावाचे नव्हेत. आणि एका वर्षाच्या सौम्य थंडीवरून कोणताही सिद्धांत बांधता येत नाही, हेही खरे. उष्ण वर्षांमागून कडाक्याचा एखादा हिवाळा येऊ शकतो. तथापि हवेचे आकडे मिळतात ते वेधशाळेने रोज नेमाने लिहून ठेवल्यामुळे. त्या हवेचा झाडावर काय परिणाम झाला, याचे आकडे मात्र फार थोड्या ठिकाणी आढळतात. तपमापक रोज वाचला जातो, झाड मात्र वाचले जात नाही.

प्रत्येक झाडाचे घड्याळ निराळे

थंडी कमी म्हणजे सर्वच फुले लवकर येणार, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. फुलण्याची वेळ ठरविण्याच्या झाडांच्या पद्धती भिन्न आहेत. त्या समजून न घेता केलेला तर्क शेतकऱ्यास बहुधा चुकीच्या वाटेने नेतो.

काही झाडे उष्णतेच्या बेरजेवर चालतात. गुलाबाची छाटणी केल्यापासून फूल काढणीस येईपर्यंत साधारणपणे ४५ ते ५० दिवस लागतात. हवा ऊबदार असेल तर हे दिवस कमी होतात, थंडी लांबली तर वाढतात. मोगरा व निशिगंध हीदेखील उबेची झाडे होत. कडक थंडीत त्यांची वाढ मंदावते, सौम्य हिवाळ्यात ती चालू राहते. अशा झाडांच्या बाबतीत सौम्य थंडी व लवकर फूल यांचा संबंध सरळ आहे.

काही झाडे दिवसरात्रीच्या लांबीवर चालतात. शेवंती हे त्याचे उत्तम उदाहरण. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजेच ती कळी धरते, आणि म्हणूनच बागाईतदार रात्री दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलू शकतात. हवेच्या उबेचा शेवंतीवर काहीच परिणाम होत नाही असे नव्हे, परंतु तिचे मुख्य घड्याळ सूर्याचे आहे. थंडी कमी पडली म्हणून त्या घड्याळाचे काटे फारसे पुढे सरकत नाहीत.

काही झाडे पाण्याच्या ताणावर फुलतात. डाळिंब, मोसंबी व संत्रा यांचे अंबे, मृग व हस्त असे बहार धरताना शेतकरी पाणी तोडून झाडास विश्रांती देतो आणि पुन्हा पाणी देऊन फुलोरा आणतो. बागेतील बोगनवेलही पाणी कमी झाले की रंगाने भरून जाते. अशा झाडाचा बहर लवकर आला, तर त्याचे कारण थंडीत शोधण्यापूर्वी पाऊस केव्हा थांबला व पाणी केव्हा तोडले गेले, हे पाहिले पाहिजे.

आणि काही झाडांना फुलण्यासाठी थंडीच लागते. आंबा हे आपल्याकडील सर्वांत महत्त्वाचे असे झाड. पक्व फांदीवर मोहोराची डोळी तयार होण्यासाठी त्याला थंड रात्री हव्या असतात. किमान तपमान १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली काही दिवस टिकले म्हणजे मोहोर चांगला फुटतो. थंडी सौम्य पडली तर आंब्याचा मोहोर लवकर येण्याऐवजी रेंगाळतो, तुटक येतो, किंवा मोहोराऐवजी नवी पालवी फुटते. एकदा फळ धरल्यानंतर उशिरा थंडी पडल्यास पुन्हा मोहोर येतो, आणि आधी धरलेली लहान फळे गळतात. कोकणातील हापूसच्या बागाईतदारास हा पुनर्मोहोराचा त्रास चांगलाच परिचित आहे.

म्हणजे एकाच सौम्य हिवाळ्यात एकाच अंगणातील मोगरा लवकर फुलतो, शेवंती आपल्या वेळेवर फुलते आणि आंबा मागे पडतो. तिन्ही झाडे एकाच हवेविषयी बोलत असतात, परंतु प्रत्येकाची भाषा निराळी असते. यास्तव एकट्या मोगऱ्याकडे पाहून वसंत लवकर आला असे म्हणणे, आणि त्यावरून शेतातील कामाची घाई करणे, योग्य नव्हे.

पुणे शहर हे तयार प्रयोगक्षेत्र

शेतीच्या पत्रकात शहरातील बागांचा एवढा विचार कशासाठी, असा प्रश्न एखाद्या शेतकरी बंधूच्या मनात येईल. त्याचे उत्तर शहराच्या हवेतच आहे. हिवाळ्यातील एकाच पहाटे पाषाण, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर व शिवाजीनगर येथे पारा बराच खाली गेलेला असतो, तर मगरपट्टा, वडगाव शेरी अशा दाट वस्तीच्या भागांत तो कित्येक अंशांनी वर असतो. सिमेंटच्या इमारती व डांबरी रस्ते दिवसभर साठविलेली उष्णता रात्रभर सोडीत राहतात. झाडी व मोकळी जमीन असलेल्या सखल भागात मात्र थंड हवा उतरून स्थिरावते. दहा-पंधरा किलोमीटरांच्या अंतरात दोन निराळे हिवाळे नांदतात.

शेतकऱ्यास याहून स्वस्त प्रयोग कोणता मिळणार? खेड्यांतील रात्री पुढील काळात अधिक ऊबदार होत गेल्या, तर झाडे कशी वागतील, याची काहीशी कल्पना शहराच्या ऊबदार भागातील झाडे आजच देऊ शकतात. पाषाणचा बहावा व मगरपट्ट्याचा बहावा यांच्या फुलण्याच्या तारखा पाच-सात वर्षे समोरासमोर मांडल्या, तर पुष्कळ उलगडा होईल. त्याच वेळी सावधगिरीचीही गरज आहे. शहरातील अकाली बहर पाहून तसाच बहर मावळात किंवा पुरंदरात आला असेल, असे गृहीत धरता येत नाही. शहराच्या मध्यभागी दिसलेले फूल हे त्या भागाच्या उबेचे फूल असते, जिल्ह्याच्या हिवाळ्याचे नव्हे.

पुण्यात या कामास पोषक अशी जुनी परंपराही आहे. कृषी महाविद्यालय १९०७ पासून येथे आहे. गणेशखिंडीतील फळबाग १८७३ पासूनची आहे. एम्प्रेस बाग सांभाळणारी पश्चिम भारत कृषी-उद्यान संस्था १८३० साली स्थापन झाली, आणि बागेतील जानेवारीचे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. हवामान विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. १९३२ साली तेथे कृषिहवामानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांनी सांभाळली. निरभ्र व शांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीस चिकटून नसते, तर जमिनीपासून थोडी वर असते, हे त्यांनी दाखवून दिले. हा थर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फूल ज्या उंचीवर उमलते तेथील हवा व पेटीतील तपमापकाची हवा एकच नसते, हे यावरून ध्यानात यावे. गच्चीवरील कुंडीतले झुडूप व वाफ्यातील झुडूप यांची तुलना करताना या गोष्टीचा विसर पडू नये.

जुन्या तारखाही अगदीच नाहीत असे नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वनस्पतींच्या फुलण्याचे महिने दिलेले आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. तेथील वाळविलेल्या नमुन्यांच्या कागदांवर गोळा केल्याची तारीख व ठिकाण लिहिलेले असते. अर्थात, नमुना ज्या दिवशी तोडला त्या दिवशी झाड फुललेले होते, एवढेच तो कागद सांगतो. पहिले फूल केव्हा आले हे तो सांगत नाही. ही उणीव भरून काढावयाची तर झाडाशेजारी राहणाऱ्या माणसानेच पेन्सील हाती घेतली पाहिजे.

स्मरणावर भिस्त नको

पूर्वी पळस होळीच्या सुमारास फुलत असे, आता तो होळीच्या कितीतरी आधी फुलतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे खरे असेल किंवा नसेल. परंतु होळीच्या मापाने ते ठरविता येणार नाही. होळी चांद्र तिथीवर अवलंबून असते. २०२३ साली ती ६ मार्चला आली, तर २०२४ साली २४ मार्चला. पळस दोन्ही वर्षी अगदी एकाच तारखेस फुलला असता, तरी दुसऱ्या वर्षी तो अठरा दिवस 'लवकर' फुलल्यासारखा वाटला असता. अधिक महिन्यामुळे सण मागेपुढे होतात, झाडास मात्र पंचांग ठाऊक नसते. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. जुन्या माणसांस विचारताना 'होळीच्या आधी की नंतर' असे न विचारता 'संक्रांतीनंतर किती आठवड्यांनी' असे विचारावे, म्हणजे उत्तर अधिक विश्वसनीय मिळेल.

नोंदींचे सामर्थ्य किती असते हे परदेशांतील दोन उदाहरणांवरून दिसेल. जपानमधील क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या तारखा जुन्या रोजनिशा व बखरींतून नवव्या शतकापर्यंत मागे नेता आल्या आहेत. २०२१ साली तेथे पूर्ण बहर २६ मार्चला आला. त्यापूर्वीची सर्वांत लवकरची तारीख १४०९ सालची, २७ मार्च ही होती. इंग्लंडमध्ये नॉरफॉक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा लिहिण्यास सुरुवात केली, आणि त्याच्या घराण्यातील पिढ्यांनी ते काम १९५८ पर्यंत चालविले. या माणसांजवळ कोणतीही महाग उपकरणे नव्हती. त्यांच्याजवळ वही होती आणि चिकाटी होती. भारतातही 'सीझनवॉच' या उपक्रमात २०१० पासून शाळांतील मुले व नागरिक नेमक्या झाडांचे निरीक्षण लिहून ठेवीत आले आहेत. केरळात विशूच्या सणास लागणारा बहावा सणापूर्वीच फुलून जातो की काय, हा तेथील लोकांच्या नित्य चर्चेचा विषय असतो. अशा चर्चेस नोंदींमुळेच निश्चित रूप येते.

चुकलेल्या तारखेची किंमत कोण देतो?

बागेतील मोगरा महिनाभर आधी फुलला तर घरमालकाचे काही बिघडत नाही. परंतु फूल हेच ज्याचे पीक आहे, त्याचे बिघडते. मावळात तळेगावच्या परिसरातील गुलाब उत्पादक १४ फेब्रुवारीच्या बाजारावर दृष्टी ठेवून डिसेंबरात फांद्यांची छाटणी करतात. हिवाळा अपेक्षेपेक्षा ऊबदार निघाला, तर माल जानेवारीच्या अखेरीसच उमलतो. शीतगृहात तो थोडे दिवस ठेवता येतो, पण ताज्या फुलाचा भाव त्यास येत नाही. छाटणीची तारीख थंडीच्या मानाने चार-सहा दिवस मागेपुढे करावयाची, तर मागील वर्षांच्या हवामानाच्या व काढणीच्या तारखा समोर हव्यात.

आंब्याच्या बाबतीत चुकीची किंमत अधिक आहे. मोहोरावरील तुडतुडे व भुरी यांच्या बंदोबस्ताचे वेळापत्रक पुष्कळ ठिकाणी महिन्यांच्या नावाने पाठ केलेले असते. पहिली फवारणी मोहोर फुटण्यापूर्वी व्हावयास हवी. मोहोर पुढेमागे झाला आणि फवारणी मात्र ठरलेल्या तारखेसच झाली, तर औषध वाया जाते. आणि ती ऐन फुलोऱ्यात झाली, तर परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात. मधमाशीपालनाचे संशोधन व शिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, आणि फुलोऱ्यात फवारणी टाळावी, अगदी भागच पडल्यास ती सायंकाळी करावी, हा सल्ला आता नवा राहिलेला नाही. तो पाळावयाचा तर फुलोरा नेमका केव्हा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

थंड देशांत अकाली बहराचा शत्रू म्हणजे नंतर येणारे दहिवर. २०२१ सालच्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये ऊब पडून द्राक्षवेली व फळझाडे लवकर फुटली, आणि एप्रिलच्या कडाक्याने त्यांचे अतोनात नुकसान झाले. महाराष्ट्रात हा धोका अवकाळी पाऊस व गारपीट यांच्या रूपाने येतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट अद्याप कोणी विसरलेला नाही. झाड कोणत्या अवस्थेत असताना पाऊस वा गारा पडल्या, यावर नुकसानीचे प्रमाण अवलंबून असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात प्रत्येक धोक्यासाठी ठराविक तारखांचा कालावधी घालून दिलेला असतो. बहर त्या कालावधीच्या बाहेर सरकू लागला, तर शेतकऱ्याचे नुकसान व योजनेच्या तारखा यांचा मेळ बसणार नाही. अशा तारखा बदलून घ्यावयाच्या असतील, तर 'आमच्याकडे मोहोर आता लवकर येतो' किंवा 'उशिरा येतो' असे तोंडी सांगून भागणार नाही. दहा गावांतील दहा वर्षांची लेखी नोंद हाच त्यासाठी सबळ पुरावा होय.

रब्बी पिकांसही हे लागू आहे. थंडी कमी पडली की गहू लवकर ओंबीवर येतो, फुटवे कमी राहतात, दाणा बारीक भरतो. २०२२ सालच्या मार्चमधील उष्णतेने उत्तर भारतातील गव्हाचे नुकसान झाले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. अंगणातील झाडांकडे रोज लक्ष ठेवणारा शेतकरी शेतातील पिकाची पुढची अवस्था अधिक सावधपणे ओळखतो.

नोंद कशी ठेवावी?

या कामास मोठ्या यंत्रणेची गरज नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या मुक्कामाच्या गावी पाच झाडे निवडावीत: मोगरा, बहावा, पळस किंवा पांगारा, आंबा आणि शेवंती. शेवंती मुद्दाम घ्यावी. तिचे घड्याळ मुख्यतः रात्रीच्या लांबीवर चालत असल्याने इतर झाडांच्या तारखा बदलल्या व तिची बदलली नाही, तर ऊब हे कारण असण्याचा संभव वाढतो. तिचीही तारीख बरीच सरकली, तर लागवड, वाण, खुडणी वा रात्रीचा दिवा यांपैकी काही बदलले आहे काय, याचा आधी शोध घ्यावा.

झाड दर वर्षी तेच असावे. एका वर्षी शाळेपुढील बहावा व दुसऱ्या वर्षी देवळामागचा, असे करू नये. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, झाड पाहावे आणि तीन तारखा लिहाव्यात: पहिले फूल उमलले ती, निम्मे झाड फुलले ती, आणि बहर संपला ती. त्यापुढे चार गोष्टी टिपाव्यात: शेवटचा चांगला पाऊस केव्हा झाला, झाडास पाणी दिले काय, छाटणी केव्हा झाली, आणि झाडाशेजारी रस्त्याचा दिवा, भिंत किंवा खोदकाम आहे काय. खोदकामात मुळे तुटली तर झाड ताणाने अवेळी फुलू शकते. तो दोष हिवाळ्याच्या माथी मारू नये. आंब्याच्या झाडास मोहोर लवकर आणणारे कल्टारसारखे औषध दिले असेल, तर ते झाड नोंदीसाठी घेऊच नये.

न फुललेले झाडही लिहावे. 'आज फूल नाही' ही नोंद 'आज फूल आले' या नोंदीइतकीच मोलाची आहे, कारण तिच्यामुळेच पहिल्या फुलाची तारीख निश्चित होते. बहर लवकर आला त्या वर्षी उत्साहाने लिहिणे आणि नेहमीप्रमाणे आला त्या वर्षी वही मिटून ठेवणे, हा या कामातील सर्वांत मोठा दोष होय. अशा वहीत केवळ अकाली बहरच सापडतात, आणि ती वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या डोक्यावर नोंदवह्यांचे ओझे आधीच पुष्कळ आहे, त्यात आणखी एकीची भर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु पुष्कळशा नोंदवह्या वरच्या कार्यालयासाठी भरल्या जातात. ही वही गावाच्या उपयोगाची आहे. आठवड्याला दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ तीस लागत नाही. कार्यकर्त्याची बदली झाली तरी झाडाची बदली होत नाही. म्हणून वही गावच्या शाळेत ठेवावी, मुलांच्या हाती निरीक्षण सोपवावे, आणि कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा ती तपासावी. शाळेतील मुले या कामात मोठ्या माणसांहून अधिक काटेकोर असतात, असाच अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो.

अशा नोंदींतून वर्षा-दोन वर्षांत काही निष्कर्ष निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये. हवामानाची सरासरी काढण्यास तीस वर्षांचा काळ धरतात. तेवढे थांबण्याची आवश्यकता नसली, तरी आठ-दहा हिवाळे हाताशी आल्याखेरीज झाड काय सांगते ते नीट उमगणार नाही. तोवर सौम्य हिवाळ्यातील एखाद्या फुलावरून पेरणी, पाणी वा फवारणी यांच्या वेळा एकदम बदलू नयेत. तपमान व पिकाची प्रत्यक्ष अवस्था पाहून मगच काम करावे, आणि विभागाच्या सल्ल्यातही महिन्याच्या नावापेक्षा पिकाच्या अवस्थेस अग्रस्थान मिळावे, हे इष्ट आहे.

येत्या हिवाळ्यात पुण्यास कामानिमित्त येणाऱ्या शेतकरी बंधूंनी गुलटेकडीच्या फुलबाजारात मोगरा कोणत्या तारखेस प्रथम आला, हे विचारून घ्यावे. परतताना वाटेतला एखादा बहावा पाहावा, आणि घरी पोचल्यावर आपल्या अंगणातील झाडाशी त्याचा ताळा करून दोन्ही तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. त्या कागदाचा उपयोग पुढील हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच होईल.